फ्रेंच साहेब, जर्मन साहेब: प्रमुख निवडताना हे लोक नक्की काय बघतात?

अनघा_चाकण

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षं मी चाकणच्या एका जर्मन कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. दोन महिन्यांपूर्वी दोन जागांसाठी अर्ज केले. एक आमच्याच कंपनीच्या श्टुटगार्टजवळच्या मुख्यालयात, दुसरा ल्योंच्या एका फ्रेंच कंपनीत. पद दोन्हीकडे जवळपास एकच: युरोपातल्या पुरवठादारांच्या गुणवत्तेची जबाबदारी. दोन्ही मुलाखती तीन आठवड्यांच्या अंतराने झाल्या, पण इतक्या वेगळ्या की मी अजून गोंधळलेली आहे.

श्टुटगार्टला समोर तीन माणसं आणि माझी जाड फाइल. दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळं क्रमाने लावलेलं. त्यातल्या एका साहेबांनी २०१९ सालच्या एकाच तक्रारीवर पाऊण तास प्रश्न विचारले. कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, कोणी पकडले, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ शोधणारा अहवाल) कोणी लिहिला, त्या मोजमापाच्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं. माणूस म्हणून मी कशी आहे, लोक कसे सांभाळते, याबद्दल एक अक्षर नाही.

ल्योंला अर्धा तास केबिनमध्ये गप्पा, मग थेट जेवायला. दोन तास! तिथे संचालकांनी विचारलं, मोठ्या कंपनीने ओतकाम स्वतःकडे ठेवावं की बाहेर द्यावं? मी माझं मत सांगितलं, त्यांनी ते खोडलं. मी पुन्हा मांडलं, त्यांनी पुन्हा खोडलं. मग माझं कॉलेज कुठलं, तिथे प्रवेश कसा मिळतो, किती जण परीक्षेला बसतात, हे बारकाईने विचारलं. चौदा वर्षांच्या कामाबद्दल जेमतेम दहा मिनिटं. परत येताना वाटलं, संपलं हे.

आता दोन्हीकडून दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलंय. ज्यांनी या देशांत काम केलंय त्यांनी सांगा: प्रमुख निवडताना यांना काय हवं असतं? आणि ते फ्रेंच गृहस्थ माझ्यावर नाराज होते की खूश?

तुलूझकर

अनघाताई, खूश होते! ज्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही त्याच्याशी फ्रेंच माणूस वाद घालत नाही, हवापाण्यावर बोलून निरोप देतो. एकवीस वर्षं तुलूझमध्ये विमानउद्योगात आहे, त्यावरून सांगतो.

तुमचं कॉलेज त्यांनी का विचारलं, ते समजलं की फ्रान्स अर्धा समजला. इथे हुशार मुलं बारावीनंतर दोन वर्षं 'प्रेपा' करतात. लातूर पॅटर्न आणि कोटा एकत्र केलेत तर कल्पना येईल. मग 'कोंकूर', म्हणजे स्पर्धा परीक्षा, आणि त्यातून 'ग्रांद एकोल'. एकोल पॉलितेक्निक १७९४ सालची, राज्यक्रांतीच्या काळात निघालेली. नेपोलियनने १८०४ मध्ये तिला लष्करी रूप दिलं. आजही १४ जुलैच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या संचलनात तिचे विद्यार्थी दुटोकी टोपी घालून शाँझेलिझेवरून चालतात. विशीत लागलेला तो क्रमांक साठीपर्यंत नावापुढे राहतो.

त्याच्याही वरचा थर म्हणजे 'ग्रां कोर', सरकारी सेवेतल्या निवडक तुकड्या. खाणकाम विभागाची एक, अर्थखात्याच्या निरीक्षकांची एक. तिथे काही वर्षं मंत्रालयात काढायची आणि मग एकदम मोठ्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर उतरायचं. याला शब्दच आहे, 'पांतुफ्लाज'. पांतुफ्ल म्हणजे सपाता. रेनोचे लुई श्वेत्झर हे याचं ठळक उदाहरण: एना (वरिष्ठ सरकारी अधिकारी घडवणारी संस्था), अर्थनिरीक्षक, पंतप्रधान फाबियूस यांच्या कार्यालयाचे प्रमुख, आणि १९९२ पासून रेनोचे प्रमुख. त्यांच्यानंतर आलेले कार्लोस घोन पॉलितेक्निक आणि मीन या दोन शाळांचे. टोटाल या तेल कंपनीचे प्रमुख पुयाने पॉलितेक्निकचे आणि खाणवाल्या तुकडीतले.

म्हणून ते जेवण ही तोंडी परीक्षा होती. शाळा संपताना इथे, व्यावसायिक शाखा सोडली तर, प्रत्येक मुलाला तत्त्वज्ञानाचा चार तासांचा लेखी पेपर असतो. बाजू मांड, उलट बाजू मांड, मग दोन्हींतून वाट काढ. तुमचं ओतकामावरचं मत त्यांना पटलं की नाही हे गौण आहे. खोडल्यावर तुम्ही काय केलंत, ते त्यांनी बघितलं.

शीतल_भरती

वाचतेय. तुलूझकर, अजून लिहा.

इसारकाठ

म्युनिकहून सलाम. तुलूझकरांचं सगळं मान्य, आता नाण्याची इकडची बाजू.

जर्मनीत 'बेरूफ' हा शब्द फार जड आहे. व्यवसाय म्हणा, पण त्यात शिकलेलं, प्रमाणपत्राने सिद्ध केलेलं कसब येतं. वरच्या खुर्चीतला माणूससुद्धा कुठल्यातरी कामात पक्का असावा लागतो. डाइमलरचे माजी प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी सुरुवात फ्राइबुर्गला मर्सिडीजच्या शाखेत शिकाऊ मेकॅनिक म्हणून केली. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे आताचे प्रमुख क्रिस्टियान क्लाइन १९९९ मध्ये विद्यार्थी म्हणून तिथे लागले आणि तिथेच वर चढले. एकाच विभागात सरळ वर जाण्याला इथे 'कामिनकारियर' म्हणतात, धुराड्यातली बढती. तुमच्या २०१९ च्या ब्लोहोलवर पाऊण तास गेला, कारण ते बघत होते की अनघाने हे काम स्वतः केलंय की दुसऱ्याच्या कामावर सही केलीय.

दुसरं, इथे वर एकटा राजा नसतो. फ्रान्समध्ये पेदेजे, म्हणजे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी एकाच माणसात, ही जुनी रीत. ती दोन पदं वेगळी करायची मुभा कायद्याने २००१ मध्ये आली. जर्मनीत कंपनी चालवणारं 'फोरश्टांड' वेगळं, त्याच्यावर नजर ठेवणारं 'आउफझिश्ट्सराट' वेगळं, आणि एक माणूस दोन्हीकडे बसू शकत नाही. फोरश्टांडचे सदस्य कंपनी मिळून चालवतात. प्रमुखाला सगळ्यांच्या विरोधात जाऊन निर्णय लादता येत नाही, हे कायद्यातच आहे. नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची.

आणि १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीत त्या देखरेख मंडळाच्या अर्ध्या जागा कामगारांच्या. मतं समान पडली तर अध्यक्षाचं जादा मत. म्हणजे मोठ्या साहेबाची नेमणूक करणाऱ्यांत कामगार संघटनेची माणसं बसलेली असतात. अशा ठिकाणी नुसता बुद्धीने चमकणारा माणूस टिकत नाही, ज्याच्यावर शॉपफ्लोअरचा विश्वास बसेल असा लागतो.

कोल्हापुरी_ठसका

कॉलेजचं एवढं माहात्म्य वाचून सांगावंसं वाटलं, शनेलच्या जागतिक प्रमुख लीना नायर आमच्या कोल्हापूरच्या! होली क्रॉस शाळा, मग सांगलीचं वालचंद, मग एक्सएलआरआय. जानेवारी २०२२ पासून. ना प्रेपा, ना ग्रांद एकोल. पॅरिसच्या अत्तराला तांबड्या-पांढऱ्याचा वास आला म्हणायचा :)

तुलूझकर

कोल्हापुरी, अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण शनेल वेर्तेमेर कुटुंबाच्या मालकीची, शेअर बाजारात नसलेली कंपनी, मुख्यालयही लंडनला. मालक कुटुंब असलं की त्यांना शाळेचा शिक्का लागत नाही, हवा तो माणूस जगातून आणता येतो. सरकारच्या सावलीत वाढलेल्या वीज, तेल, विमानं, बँका यांत मात्र शिक्का अजून चालतो.

बापूसाहेब

मी १९७४ साली पिंपरीत एका जर्मन कंपनीत लागलो. आमचे कारखाना प्रमुख श्वाबेनकडचे, डॉक्टरेट असलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात घासून आणायला सांगितला. मी बी.ई. होऊन आलेलो, अपमान वाटला. नंतर कळलं, त्यांनी स्वतः विद्यापीठात जाण्याआधी हेच केलं होतं. तीन दिवस घासला. चौथ्या दिवशी त्यांनी तो गुण्याने तपासला, मान डोलावली आणि मला खुर्ची दिली. त्यानंतर वीस वर्षांत माझ्या कामात त्यांनी हात घातला नाही. अडचण घेऊन गेलो तर नेहमी विचारायचे, 'तुमचा प्रस्ताव काय?'

अनघा, तुला विचारलेल्या कॅलिब्रेशनच्या तारखेत मला तोच काटकोन दिसला.

मुग्धा_वाचते

बापूसाहेब, काय सुंदर आठवण!

मी पुण्यात फ्रेंच शिकवते, बरेचसे विद्यार्थी कंपन्यांतले. त्यांना मी पहिला शब्द शिकवते तो 'काद्र', म्हणजे वरच्या अधिकारी वर्गातला. नोकरीच्या करारावरच लिहिलेलं असतं, तुम्ही काद्र आहात की नाही. पगाराइतकाच तो दर्जाचा प्रश्न. बऱ्याच काद्रांना घड्याळी तास नसतात, वर्षाला २१८ दिवसांचा हिशेब असतो. चाचणीकाळ चार महिने, एकदा वाढवून आठ. आणि साहेबाला म्हणतात 'एन प्लस वन'. त्याचा साहेब 'एन प्लस टू'. शिडीवर कोण कुठे, हे भाषेतच आलं.

'तु' आणि 'वू'चं मात्र आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोसारखं समजू नका. एकाच ग्रांद एकोलचे दोघे, वयात वीस वर्षांचं अंतर असलं तरी, पहिल्याच भेटीत 'तु' म्हणतात. त्याच टेबलावर तिसऱ्याला 'वू'. बाहेरच्याला ते कान देऊन ऐकावं लागतं.

विवेक_७१

सगळ्यांचं वाचून थोडा विरोध नोंदवतो. देशाला एक स्वभाव चिकटवून टाकणं मला पटत नाही. मी बंगळुरात आणि पॅरिसजवळ फ्रेंच सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं काढली. माझे तिथले साहेब कुठल्याही मोठ्या शाळेचे नव्हते, पहिल्या दिवसापासून 'तु'. उलट जर्मनीत ओटो समूहाच्या प्रमुखांनी २०१६ मध्ये पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांना 'मला डू (म्हणजे तू) म्हणा' असं सांगून टाकलं. आणि एना तरी कुठे राहिली? १९४५ साली द गॉलच्या काळात निघालेली संस्था, चार राष्ट्राध्यक्ष दिले, आणि त्यांतल्याच माक्राँनी ती बंद केली. २०२२ पासून तिच्या जागी नवी संस्था आहे.

देशोदेशीच्या संस्कृती आकड्यांत मोजणाऱ्या हॉफस्टेडचे आकडेही सारखे तोंडावर फेकले जातात. सत्तेतलं अंतर: फ्रान्स ६८, जर्मनी ३५, भारत ७७. हा अभ्यास साठ-सत्तरच्या दशकातल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांवरचा. त्यावरून आज अनघाने मुलाखतीला काय बोलावं हे ठरवायचं का?

इसारकाठ

विवेक, आकड्यांबद्दल सहमत. पण वर्षं बदलली तरी कायदा आणि भरतीची वाट बदलत नाही तोवर सवयी टिकतात. आउफझिश्ट्सराटात कामगार आजही बसतात, प्रेपाचे वर्ग आजही भरतात. मी स्वभावाबद्दल बोलत नाहीये, खुर्चीपर्यंत नेणाऱ्या जिन्याबद्दल बोलतोय.

रेवती_एल्बे

एक मुद्दा कोणी काढला नाही. अनघा बाई आहे, बहुधा आईही असेल. मी हाम्बुर्गमध्ये मोठ्या पदावर असताना मुलगा झाला. सहा महिन्यांनी कामावर परतले, तेव्हा शेजारणीने काळजीने विचारलं, इतक्या लवकर? जर्मनमध्ये कामावर जाणाऱ्या आईला 'राबेनमुटर' म्हणायची रीत होती, डोमकावळीण आई. आपल्या गोष्टीतल्या शेणाच्या घरातला कावळा परवडला असं झालं मला. पालकत्वाची रजा तीन वर्षांपर्यंत मिळते, आणि ती न घेणारीकडे लोक बघत राहतात. फ्रान्समधल्या माझ्या जोडीच्या सहकारी बाळंतपणानंतर दोन-अडीच महिन्यांत बाळाला पाळणाघरात ठेवून हजर व्हायच्या आणि कोणाच्या भुवया उंचावत नसत.

वरच्या जागांतही फ्रान्स पुढे आहे. मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के बायका, असा कायदा त्यांनी २०११ मध्येच केला. २०२१ च्या कायद्याने वरिष्ठ व्यवस्थापनासाठीही टक्केवारी ठरवली. जर्मनीत २०२१ मध्ये ठरलं ते इतकंच, की तीनपेक्षा जास्त सदस्यांच्या मोठ्या फोरश्टांडमध्ये निदान एक बाई हवी. एक! मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

अनघा_चाकण

रेवती, खूप बरं झालं लिहिलंत. मुलगी नऊ वर्षांची आहे. ल्योंला मुलीचा विषय निघाला तो फक्त शाळेच्या सोयीपुरता. श्टुटगार्टला कोणी काही विचारलं नाही, पण कॉफीच्या वेळी एकांनी 'मिस्टर काय करणार?' असं म्हटलं होतं.

शीतल_भरती

मी भरतीच्या कामात आहे, जर्मन कंपन्यांसाठी पुण्यातून माणसं पाठवते. थोडं व्यावहारिक.

जर्मनीत जुन्या कंपनीचं प्रशस्तिपत्र, 'आरबाइट्सझोइग्निस', फार वजनदार. ते मिळणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आणि ते खरं, पण भलं चिंतणारं असावं असा दंडक. त्यामुळे वाईट उघड लिहिता येत नाही, मग सांकेतिक भाषा तयार झाली. 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानाने काम केलं' म्हणजे पहिला नंबर. 'पूर्ण समाधानाने' म्हणजे मध्यम. 'समाधानाने' म्हणजे काठावर. 'त्यांनी प्रयत्न केला' म्हणजे कामच झालं नाही. 'मिळूनमिसळून राहण्याने वातावरण आनंदी ठेवलं' म्हणजे दारू प्यायचा, असं जाणकार सांगतात. आपल्याकडे स्थळ सांगताना 'मुलगा खूप मनमिळाऊ आहे' म्हटलं की मोठी आत्या पगार विचारते, तसंच हे :)

भारतातली अनुभवपत्रं साधी, 'अमुक ते तमुक काळ काम केले'. जर्मन वाचणाऱ्याला त्यात मोठं मौन दिसतं. अनघा, बदली अंतर्गत असली तरी तुझ्या साहेबांकडून सविस्तर पत्र लिहून घे. पदवी अनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत, मान्य आहे ना, तेही बघून ठेव.

शिवाय वीसपेक्षा जास्त कर्मचारी असले की नव्या नेमणुकीला 'बेट्रीब्सराट'ची, म्हणजे कामगार मंडळाची संमती लागते. उत्तर यायला आठवडा जातो, घाबरू नकोस.

इसारकाठ

शीतल, छोटी दुरुस्ती. पद 'लाइटेंडे आंगेश्टेल्टे' या वरच्या वर्गात मोडत असेल तर संमती लागत नाही, फक्त कळवावं लागतं. अनघाने हे पद कुठल्या वर्गात आहे ते विचारावं. नोकरीच्या संरक्षणावरही त्याचा परिणाम होतो.

शीतल_भरती

बरोबर, धन्यवाद.

तुलूझकर

आता जिथे हे दोन जिने एकाच इमारतीत बांधले, तिथली गोष्ट सांगतो. २००० साली फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश कंपन्या मिळून ईएडीएस झाली, एअरबसची मालक. कोणी कोणाच्या हाताखाली नको म्हणून दोन अध्यक्ष आणि दोन मुख्य कार्यकारी, एक फ्रेंच, एक जर्मन. वर समतोल राखला, खाली प्रत्येक कारखाना आपल्या साहेबाकडे बघत राहिला.

मग ए३८०. एका विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक वायरी. हाम्बुर्गमध्ये आराखडा कॅटिया या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत, तुलूझमध्ये पाचव्या. हाम्बुर्गहून तयार होऊन आलेले वायरींचे जुडगे इथे सांध्यावर पुरेनात. हाम्बुर्गचे शेकडो तंत्रज्ञ तुलूझला येऊन हाताने वायरी ओढत होते. त्यांच्याबरोबर मी कँटीनमध्ये जेवलोय. उत्तम कारागीर, आणि मनातून दुखावलेले. आमच्याकडचे म्हणायचे, यांनी आधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, आम्ही कागदावर लिहिलं होतं. जून २००६ मध्ये उशीर जाहीर झाला तेव्हा एका दिवसात शेअर २६ टक्के कोसळला. ईएडीएसचे फ्रेंच प्रमुख फोर्जार गेले, एअरबसचे प्रमुख हुंबेर्ट गेले, नंतर आलेले श्ट्रेफ शंभर दिवसांत गेले. जुलै २००७ मध्ये सार्कोझी आणि मेर्केल तुलूझला आले आणि दुहेरी खुर्ची मोडली. ईएडीएसला एकटे गालोआ, एअरबसला जर्मन एंडर्स. पहिलं विमान त्या ऑक्टोबरात सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं.

इसारकाठ

तुलूझकर, तुमच्या कँटीनमधल्या त्या दोन वाक्यांतच सगळं आलं. जर्मन बैठकीला येतो तो आधी सगळ्यांशी बोलून. बैठक म्हणजे ठरलेल्यावर शिक्का, इतिवृत्त, संपलं. त्यानंतर कोणी फिरवलं तर तो विश्वासघात वाटतो. फ्रेंच बैठक म्हणजे मतांची कुस्ती, निर्णय नंतर वर होतो, आणि तो झाल्यावरही बदलू शकतो. प्रत्येकाला समोरचा लबाड वाटतो, आणि दोघेही आपल्या रीतीने प्रामाणिक असतात.

चूक कुणाची, यात मी पडणार नाही. पण वर दोन साहेब बसवले म्हणून सॉफ्टवेअर एक झालं नाही, ही वस्तुस्थिती आहे.

अनघा, दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे एकच प्रश्न विचार: पुरवठादाराचा माल थांबवायचा असेल तर सही कुणाची?

विवेक_७१

हा प्रश्न आवडला. माझा विरोध तूर्त मागे घेतो :)

बापूसाहेब

उत्तम प्रश्न. बाळ, निकाल इथे कळव.

अनघा_चाकण

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. दोन्ही फेऱ्या झाल्या. धागा वर काढते.

श्टुटगार्टला प्रश्न विचारला तर साहेबांनी लगेच कागद काढून चौकट आखली. सही दोघांची, माझी 'इन फोलमाख्ट', म्हणजे कंपनीने दिलेल्या अधिकाराने, म्हणून आणि खरेदी प्रमुखांची. मतभेद झाला तर कुठल्या समितीकडे, किती तासांत, सगळं लिहिलेलं. तो कागद मला देऊनही टाकला. बापूसाहेब, खरंच काटकोन होता तो.

ल्योंला संचालक थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "सही तुमची. मला त्याच दिवशी फोन कराल, आणि मी तुमच्याशी भांडेन. मी तुम्हाला पटवू शकलो नाही तर माल थांबलेला राहील." मग पुन्हा ओतकाम! या वेळी मी त्यांच्या बाजूने बोलू लागले, तर ते माझी जुनी बाजू घेऊन बसले. तुलूझकरांनी सांगितलेलं आठवलं आणि मी तिसरी वाट मांडली: गुंतागुंतीचे साचे घरात ठेवा, बाकी बाहेर द्या. ते हसले, बिल मागवलं.

चौदा वर्षं चौकटीत सही केलीय, आणि ती चौकट मला प्रिय आहे. तरी ल्योंला हो म्हटलंय. मुलीच्या शाळेचं त्यांनी आपणहून बघितलं, त्याचाही वाटा आहे. सप्टेंबरात जायचंय. फ्रेंच शून्य आहे. मुग्धाताई, रानडेचा वर्ग धरू की अलियाँसचा?

मुग्धा_वाचते

नोकरी सांभाळून करायचं तर ज्याच्या वेळा जमतील तो धर. पण आजपासून घरी मुलीबरोबर मोठ्याने वाचायला सुरुवात कर. ती तुझ्याआधी बोलायला लागेल, आणि तुला ते हवंच आहे.